मदत हवी: जुन्या बीएमएक्सला तीन भागांचा क्रँक बसवतोय, चेनव्हील मधोमध बसत नाही

नमस्कार मंडळी,

सायकलच्या कामात हात घालणारं इथं कुणीतरी असेलच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही कोल्हापूरला असतो. १९८७ साली माझा मामा अमेरिकेहून आला तेव्हा माझ्यासाठी वीस इंची चाकांची बीएमएक्स, म्हणजे उड्या-कसरतींची छोटी दणकट सायकल, घेऊन आला होता. स्टिकर कधीच उडाले, पण क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची) फ्रेम अजून ठणठणीत आहे. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, रंकाळ्याला तिच्यावरून किती फेऱ्या मारल्या त्याची गणती नाही. आता लेक अकरा वर्षांची झालीय आणि तिला दुकानातली नवी नको, हीच हवीय. मामा दिवाळीत येणार आहे. तो रिक्षातून उतरेल तेव्हा ती या सायकलवर असावी, एवढं मनात आहे.

अडचण क्रँकची, म्हणजे पायडल ज्यांना लागतात त्या हातांची. मूळचा क्रँक अखंड होता, म्हणजे डावा हात, मधला दांडा आणि उजवा हात असं सगळं एकाच पोलादी सळईतून वाकवलेलं. त्याच्या डाव्या बाजूचा कोन (छर्रे जागेवर धरणारा शंकूच्या आकाराचा नट) आणि लॉकनट यांना उलटे आटे असतात. सोडवायचा तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायचा. काही वर्षांपूर्वी ग्रीस भरायला एका दुकानात दिली होती. तिथल्या पोरानं नेहमीच्या सवयीनं फिरवायला घेतला, नट हलेना म्हणून छिन्नी लावून हातोडी घातली. घरी आणून बघतो तर नटाचे कोपरे गोल झालेले आणि दांड्यावरचे आटे पार चेपलेले. कोन आता घट्टच होत नाही. चार दिवस चालवली की दांडा खुळखुळ वाजायला लागतो. फार वाईट वाटलं.

मग पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलानं त्याचा जुना तीन भागांचा क्रँक दिला. पोकळ क्रोमोलीचे १७५ मिमीचे दोन हात, मधला एक्सल वेगळा, १९ मिमी जाडीचा, टोकांना बारीक ४८ खाचा. सोबत त्याचं २५ दात्यांचं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे चेनव्हीलच. दोन रविवार व्हर्नियर घेऊन बसलो, त्यातून हे हाती लागलं:

फ्रेमच्या बीबीच्या नळकांड्याला, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यातून जातो त्याला, आतून आटे नाहीत, गुळगुळीत आहे. व्यास ५१.३ मिमी, रुंदी ६८ मिमी. जुन्या चेनव्हीलला (पुढच्या दातेरी चक्राला) ४४ दाते, मधलं भोक २३.८ मिमी. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, १६ दात्यांचं. जुन्या पायडलची पिन साडेबारा-पावणेतेरा मिमी भरते, ती नव्या क्रँकच्या भोकात आटे न लागताच सरळ आत जाते.

चेनव्हील नुसतं एक्सलवर अडकवून, क्रँकच्या हाताला जोडणारा बोल्ट लावून फिरवून बघितलं. भोक २३.८ आणि एक्सल १९, म्हणजे सगळ्या बाजूंनी जवळजवळ अडीच मिमी मोकळं. एका जागी चेन तारेसारखी ताणते, फ्रीव्हील कुरकुरतं. तिथून अर्धा फेरा पुढं गेलं की तीच चेन खाली लोंबते, बोटानं उचलली तर दाते सोडून वर येते. अशा सायकलवर लेकीला बसवणार नाही.

मला विचारायचंय ते असं. चेनव्हीलच्या भोकात बुश (मोकळी जागा भरणारी कडी) घालून काम भागेल का, की २५ दात्यांचंच स्प्रॉकेट लावू? या बिनआट्यांच्या नळकांड्यात १९ मिमीच्या एक्सलला बेअरिंग कोणती आणि कशी बसवू? पायडलला पत्रा गुंडाळून आत बसवा असं एकानं सुचवलं, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १

पायडलचं आधी. पत्रा अजिबात गुंडाळू नका. अखंड क्रँकचे पायडल अर्धा इंची असतात, तीन भागांच्या क्रँकचे ९/१६ इंची. पत्रा लावून बसवलेला पायडल चढावर उभं राहून मारताना निसटतो, आणि जाताना क्रँकचे आटेही घेऊन जातो. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलचे पायडल ९/१६ चेच असतात, कुठल्याही दुकानात मिळतील. डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे तुम्हाला सांगायला नको. सुरुवातीचे तीन-चार फेरे हातानंच घ्या, पान्हा नंतर.

चेन कुठली आहे? गिअरच्या सायकलची असेल तर ती ३/३२ इंची, अरुंद. जुनं ४४ चं चेनव्हील १/८ इंची असणार, त्याच्या दात्यांवर ती बसणारच नाही, वरवर चढून राहील. साध्या सायकलची १/८ ची चेन घ्या.

प्रतिसाद २

अहो, एवढी खटपट कशाला? जुन्या क्रँकच्या आट्यांवर वेल्डिंगचा भर टाकून परत आटे पाडून घ्या. आमच्याकडं ट्रॅक्टरचे शाफ्ट असेच करतात.

धागाकर्ता

विचार केला होता. पण त्या दांड्यावर कोन फिरतो आणि कोनावर छर्रे. भर टाकताना दांडा जरासा जरी वाकडा झाला तरी छर्रे एका बाजूला दाबले जाणार. शिवाय क्रँक मोडला तर लेकीच्या पायाखाली मोडणार. तो क्रँक मी आठवण म्हणून ठेवून देतोय.

चेन गिअरच्या सायकलचीच लावून बघत होतो! बदलतो.

प्रतिसाद ३

मी लेथवर बरीच वर्षं काम केलंय आणि बीएमएक्सची दुरुस्तीही करतो, तेव्हा मनापासून सांगतो.

२५ चं स्प्रॉकेट लावू नका. ते मागं ९ दात्यांच्या हबसाठी (चाकाच्या मधल्या भागासाठी) आहे. २५ भागिले ९ म्हणजे २.७८. तुमचं जुनं ४४ भागिले १६ म्हणजे २.७५, जवळजवळ तेच. पण २५ पुढं आणि १६ मागं ठेवलंत तर १.५६. एका फेऱ्यात सायकल जिथं चार मीटरच्या वर जायची तिथं अडीच मीटरही जाणार नाही. पोर नुसती पाय गरगर फिरवत राहील. आणि आट्यांवर चढणाऱ्या तुमच्या फ्रीव्हीलच्या जागी ९ दाते येऊच शकत नाहीत, त्यासाठी मागचा हबच बदलावा लागतो. म्हणून ४४ चंच चेनव्हील ठेवा आणि बुश करून घ्या.

बुश बाहेरून २३.८ आणि आतून १९. चेनव्हील सोबत न्या, भोकात बोटानं दाबून घट्ट बसेल असा टर्नरला (लेथवाल्याला) काढायला सांगा. यात एक चूक हमखास होते. बुशची जाडी चेनव्हीलच्या मधल्या जाडीपेक्षा किंचित कमी हवी, चौथाई मिमी पुरे. बुश बाहेर आला तर क्रँकचा हात चेनव्हीलवर न दाबता बुशवर दाबतो, आणि चेनव्हील कितीही आवळलं तरी डुगडुगतं. बोल्टाचं भोकही तपासा. अखंड क्रँकची चेनव्हील फिरवणारी खुंटी जाड असते, त्या भोकात तुमचा बोल्ट सैल पडेल. त्यालाही बारकी नळी करा, नाहीतर प्रत्येक पायडलला 'टक्' ऐकाल.

आता बेअरिंग. १९ मिमीची बेअरिंग मागितलीत तर दुकानदार २० ची ६००४ पुढं ठेवेल. ती घेऊ नका, अर्ध्या मिमीची बुश घालून हे काम होत नाही. तुमचा एक्सल खरं तर पाऊण इंची आहे, १९.०५. इंचातली आर१२ मागा. आत पाऊण इंच, बाहेर एक पूर्णांक पाच अष्टमांश, म्हणजे ४१.२७ मिमी. मग टर्नरकडून दोन कप करून घ्या. बाहेरून तुमच्या नळकांड्यात ठोकून बसतील असे, आतून ही बेअरिंग बसेल असे, आणि बाहेरच्या कडेला एक ओठ, म्हणजे कप आत सरकणार नाहीत. असे तयार कपही मिळतात, पण ते मागवून येईपर्यंत दिवाळी होऊन जाईल. फ्रेम घेऊनच टर्नरकडं जा. जुन्या फ्रेमचं नळकांडं पूर्ण गोल राहिलेलं नसतं, तीन-चार ठिकाणी माप घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: दोन बेअरिंगच्या मध्ये एक्सलवर एक नळी लागते. ती आधी कापू नका. कप ठोकून, बेअरिंग बसवून, मग आतल्या दोन कडांमधलं अंतर मोजा आणि तेवढीच कापा. आखूड झाली तर हात आवळताना बेअरिंग आडव्या दाबल्या जातात आणि महिन्याभरात घरघरतात.

धागाकर्ता

दादा, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. प्रिंट काढून थेट शिवाजी उद्यमनगरात, आमच्या इथल्या कारखान्यांच्या भागात, गेलो. तिथल्या टर्नरनं फ्रेम हातात घेतली, नळकांड्यात अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हे वरून खाली पाव मिमीनं दबलंय." तुम्ही सांगितलं होतंत ते तंतोतंत. त्यानं कप आधी थोडे जाडच ठेवले आणि माझ्यासमोर एकेक पात काढत बसवले. आर१२ दुसऱ्या दुकानात मिळाली. नळी शेवटी कापली.

बुश पहिल्यांदा अर्धा मिमी बाहेर राहिला होता. परत लेथवर चढवला. २५ दात्यांच्या स्प्रॉकेटची मधली जाडी ६ मिमी होती, जुन्या चेनव्हीलची ४, म्हणून आतल्या बाजूला २ मिमीचा वॉशर घातला. त्यानंतर मागच्या फ्रीव्हीलपासून पुढं तंगूस ताणून धरला, दोन्ही दात्यांना सरळ चिकटला.

आज सकाळी चेन लावून चेनव्हील हातानं सावकाश फिरवलं. पूर्ण फेऱ्यात चेन सगळीकडं सारखीच, मधोमध दाबली तर साधारण एक सेंटीमीटर हलते. पायडल नवे. लेकीनं गल्लीतून दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेला उजवा पाय खाली येताना बारीक टक् आला. बोल्टाच्या भोकात नळी घालायची राहिली होती, तेवढ्यासाठी उद्या परत उद्यमनगर.