पेंटियम ई५३०० आणि ॲटम नेटबुक: कुठलं लिनक्स टाकावं?

खटपट्या
वाचनालयात दोन जुनी मशीन पुन्हा कामाला लावायची आहेत.
डेस्कटॉप: पेंटियम ड्युअल कोअर ई५३००, जी३१ बोर्ड, २ जीबी डीडीआर२, १६० जीबी हार्ड डिस्क.
नेटबुक: ॲटम एन२७०, १ जीबी रॅम.
कामं: मराठी टायपिंग, लिब्रेऑफिस, ब्राउझर, अधूनमधून यूट्यूब. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा तिकडे परत जायचं नाही. दोन्हीवर एकच हलकं डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) चालेल का?

टर्मिनल_तात्या
एकच नाही चालणार. ई५३०० ६४-बिट आहे, एन२७० निव्वळ ३२-बिट. उबुंटूने ३२-बिट आवृत्ती १९.१० पासून बंद केली आणि डेबियन १३ मध्ये ३२-बिट इन्स्टॉलर नाही. नेटबुकला अँटीएक्स २३ या हलक्या डिस्ट्रोची ३२-बिट आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) घ्या. ती डेबियन १२ वर आहे आणि त्याला जून २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. आइसडब्ल्यूएम या हलक्या विंडो मॅनेजरमध्ये सुरू झाल्यावर साधारण २०० एमबी रॅम घेते.
डेस्कटॉपला लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई या हलक्या रूपातलं. अल्मा किंवा रॉकी ९ या डिस्ट्रोंच्या वाटेला जाऊ नका. त्यांना एसएसई४.२ हा सूचनासंच असलेला प्रोसेसर लागतो, ई५३०० मध्ये तो संच नाही.

पपीप्रेमी
२ जीबीवर मिंट? नुसतं सुरू होऊनच ७००-८०० एमबी खाईल. डेस्कटॉपलाही अँटीएक्सच टाका, नाहीतर पपी लिनक्सची बुकवर्मपप. ती अख्खी रॅममध्ये चढते, डिस्कला हातच लागत नाही.

टर्मिनल_तात्या
पपी मलाही आवडते, पण तिथे नेहमीचा वापर रूट म्हणून (सगळे अधिकार असलेल्या खात्यातून) होतो आणि बदल सेव्ह फाइलमध्ये राहतात. दहा हातांखालून जाणाऱ्या मशीनवर ते नको. अँटीएक्सने ५०० एमबी वाचतील हे खरं, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की तेवढी रॅम गेलीच. अडचण डिस्ट्रोत कमी आणि २ जीबीत जास्त आहे. जी३१ ला ४ जीबीपर्यंत चालते, म्हणून २ जीबीच्या दोन डीडीआर२-८०० स्टिक घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुन्या मिळतात. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या ४ जीबीच्या डीडीआर२ स्टिकवर ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेलं असतं, त्या इथे चालत नाहीत.
त्यानंतर एसएसडी (फिरत्या भागांशिवायची डिस्क). हा बोर्ड साटा ३ जीबीपीएसचाच आहे, म्हणून खोक्यावरचा वेग मिळणार नाही. तरी अडखळणं बहुतेक संपेल, कारण जुनी डिस्क वेळ घालवते ती हेड इकडून तिकडे नेण्यात. जुनीच ठेवायची असेल तर ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) उघडा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर असेल तर तिच्यावर इन्स्टॉल करू नका.

खटपट्या
रॅम आणि एसएसडीचं जमवतो. पण मिंटचा पेनड्राइव्ह बूटच होत नाहीये. रुफस या प्रोग्रामने बनवलाय, बूट यादीत यूएसबी पहिला ठेवलाय.

बायोसबाबा
त्या काळातले बरेच बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) पेनड्राइव्हला हार्ड डिस्क समजतात. बूट मेनूच्या आत ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ अशी वेगळी यादी असते, तिथे पेनड्राइव्ह वर आणा आणि मगच बूट क्रम लावा. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर हवी. तरीही काळा पडदा आला तर डीडी मोडमध्ये (आयएसओ जशीच्या तशी) पुन्हा लिहा.
शिवाय बोर्डावरचा सीआर२०३२ सेल आधीच बदला. सेल मेला की घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जातं, मग ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेट अवैध म्हणतो आणि अपडेटही ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ म्हणून अडतात. लोक इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

टर्मिनल_तात्या
इन्स्टॉलनंतर सिनॅप्टिक या पॅकेज मॅनेजरमधून झेडरॅम-टूल्स घाला. झेडरॅम म्हणजे रॅममधलाच डेटा दाबून ठेवून जागा वाढवणं. या पॅकेजच्या झेडरॅमस्वॅप फाइलमध्ये ‘पर्सेंट’ची ओळ हॅश लावून बंद केलेली असते. हॅश काढा आणि आकडा ५० ठेवा, नाहीतर फक्त २५६ एमबीचं झेडरॅम बनतं. दाबण्याचा अल्गोरिदम एलझेड४ ठेवा. झेडएसटीडी जास्त दाबतो, पण या प्रोसेसरला जड जातो.
यूट्यूबसाठी एच२६४इफाय एक्स्टेन्शन (व्हीपी९ऐवजी प्रोसेसरला हलक्या एच२६४ स्वरूपात व्हिडिओ मागणारं) आणि ४८०पी. या ग्राफिक्सला व्हीपी९ डीकोड करता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो.
नेटबुकवर मात्र ब्राउझरची आशा कमी ठेवा. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ सालीच सोडलं, फायरफॉक्सचीही १४४ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती. टायपिंग आणि पीडीएफ वाचन एवढंच काम द्या, बँकिंग अजिबात नको.

मीनल_डीटीपी
मराठीसाठी आयबस (टायपिंगचा वेगळा प्रोग्राम) घालायची गरज नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘लेआउट’ टॅबवर सिस्टिम डीफॉल्टची खूण काढा, इंडियनखालचा ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ जोडा आणि बदलायला एखादी की ठरवा. पार्श्वभूमीला वेगळा प्रोग्राम चालत नाही, तेवढी रॅम वाचते. फोनेटिकची सवय असणाऱ्यांसाठीच आयबस-एम१७एन.
जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर फॉन्ट कॉपी केल्यावर वाचता येतील. त्याच फॉन्टात पुढे टाइप करणं मात्र कटकटीचं. आधी युनिकोड करून घ्या.

खटपट्या
प्रिंटर जोडला. जॉब ‘पूर्ण’ दाखवतो, कागद काही येत नाही.

बायोसबाबा
१०२० मध्ये फर्मवेअर साठून राहत नाही. प्रिंटर चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीलिप या प्रिंटर-ड्रायव्हरच्या पॅकेजसोबत एचपीचं बायनरी प्लगइन लागतं, ते आपोआप येत नाही. नेट चालू ठेवून टर्मिनलमध्ये एचपी-प्लगइन चालवा, मग प्रिंटर बंद-चालू करा. प्लगइन आणि एचपीलिपची आवृत्ती तंतोतंत एकच लागते, म्हणून मोठ्या अपडेटनंतर छपाई थांबली तर हेच पुन्हा करा. प्रिंटर मिंटवाल्या डेस्कटॉपलाच ठेवा आणि तिथून नेटवर्कवर शेअर करा, नेटबुकवर प्लगइनचा खटाटोप करू नका.