व्हेंटाइलचा स्मॉक आणि पहिली पाच मिनिटं

वर एकांनी म्हटलंय की रेप्लिका स्मॉक (जुन्या लष्करी सैल जॅकेटची नक्कल) पहिल्याच सरीत खांद्यावर ओला दिसायला लागला, म्हणजे दुकानदाराने टोपी घातली. कापड खरंच व्हेंटाइल असेल तर असं लगेच म्हणता येणार नाही. त्यात रबर नाही, प्लॅस्टिकचा थर नाही. आहे तो लांब धाग्याचा कापूस, अगदी घट्ट विणलेला. पाणी लागलं की धागा फुगतो आणि विणीतली भोकं बंद होतात. म्हणजे तो थोडा भिजल्यावरच पाणी अडवायला लागतो! दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये हे कापड तयार झालं, समुद्रात पडलेल्या वैमानिकांचा जीव वाचावा म्हणून. आणि ब्रिटिश सैन्याचा १९४२ पॅटर्नचा 'विंडप्रूफ' स्मॉक म्हणत असाल, तर तो नावाप्रमाणे वाऱ्यासाठीच होता. पावसाचं वचन त्याने मुळातही दिलं नव्हतं.

माझ्याकडे एकेरी, म्हणजे एकाच थराच्या व्हेंटाइलचा स्मॉक आहे. इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या भुरभुर पावसात मस्त चालला, घामाने आत चिकचिक झाली नाही. तोच हौसेने जुलैत हरिश्चंद्रगडावर नेला आणि पस्तावलो. तासाभरात पत्र्यासारखा कडक, वजन दुप्पट वाटावं असं, आणि दमट हवेत दोन दिवस वाळला नाही. सह्याद्रीत आपली साधी पोंचोच बरी. हो, आणि नेहमीच्या साबण पावडरीत धुतला असेल तर भरपूर पाण्यात दोनदा खंगाळून बघा, साबण राहिला की कापड पाणी ओढतं.