विमान कंपन्या झटपट विलीन होतात, मग वेतनकरार वर्षानुवर्षे का रखडतो?

प्रश्न : सातारकर

माझी पुतणी अमेरिकेतील एका विमान कंपनीत हवाई सेविका आहे. दिवाळीला साताऱ्यास येणार का, असे विचारले की ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक फार खाली आहे आणि सणाच्या सुट्ट्या वरच्यांमध्येच संपतात, हे तिचे उत्तर ठरलेले असते. आता तिच्या कंपनीच्या विलीनीकरणाची चर्चा जोरात आहे, मात्र वेतनकराराची बोलणी काही पुढे सरकत नाहीत. आपल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध आले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती आयडीबीआयमध्ये विलीनही झाली. मालक महिन्याभरात बदलतो, तर पगार ठरायला एवढी वर्षे का लागावीत?

उत्तर १ : निवृत्त बँक कर्मचारी, विश्रामबाग, सांगली

तिथे ठेवीदारांचा पैसा अडकला होता, म्हणून घाई झाली. पगाराची घाई बँकांनाही नसते; १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या आमच्या बाराव्या द्विपक्षीय करारावर सह्या ८ मार्च २०२४ रोजी झाल्या.

अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे; १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांपर्यंत वाढवण्यात आला. त्यानुसार कराराची मुदत उलटली तरी करार संपत नाही, तो केवळ दुरुस्तीस पात्र ठरतो आणि जुने दर चालू राहतात. राष्ट्रीय मध्यस्थी मंडळ बोलणी फिसकटल्याचे मान्य करून पक्षांना मोकळे करत नाही आणि त्यानंतरचे ३० दिवस उलटत नाहीत, तोवर संप करता येत नाही. मध्यस्थी किती काळ चालावी यावर कायद्यात मर्यादाच नाही. जुन्या दराने विमाने उडत असतील, तर व्यवस्थापन कशाला घाई करील?

उत्तर २ : विमान देखभाल अभियंता, मूळ गाव कराड

काकांचे म्हणणे मान्य, पण सगळा दोष व्यवस्थापनाच्या माथी मारू नये; विलीनीकरणानंतर ज्येष्ठता यादीवरून कर्मचाऱ्यांच्या दोन गटांतच वाद होतो आणि गाडी अडते. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या विमान कंपन्या २००५ मध्ये एक झाल्या. २००७ मध्ये लवादाने दिलेल्या ज्येष्ठता यादीत, यूएस एअरवेजमध्ये बरीच वर्षे काढलेले पण त्या वेळी कामावरून कमी केलेले वैमानिक अमेरिका वेस्टमधील नवख्यांच्या खाली गेले. भाऊबंदकीत बांधावरून जशी पिढी जाते तसे झाले, आणि २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण होईपर्यंत दोन्ही गटांची एक यादी अमलात आलीच नाही. युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल २०१० मध्ये एकत्र आल्या, त्यांच्या हवाई सेवकांचा संयुक्त करार मात्र २०१६ मध्ये झाला, आणि दोन्हीकडचे सेवक एकाच विमानात काम करू लागले ते २०१८ मध्ये.

आपल्याकडेही एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये विलीन झाल्या, तरी ड्रीमलायनर या नव्या विमानाचे प्रशिक्षण कोणत्या गटाला द्यायचे यावरून २०१२ मध्ये वैमानिकांचा ५८ दिवसांचा संप झाला.

सातारकर

म्हणजे विलीनीकरणात पुतणीचा क्रमांक आणखी खाली जाईल?

उत्तर २ : विमान देखभाल अभियंता

तसेच होईल असे नाही. २००७ च्या अमेरिकी कायद्यानुसार याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्या लागतात आणि एकमत झाले नाही तर प्रश्न लवादाकडे जातो. दोन्हीकडे एकच संघटना असल्यास तिचे अंतर्गत नियम चालतात. म्हणून समोरच्या कंपनीतील हवाई सेवकांची संघटना कोणती, हे तिला आधी पाहायला सांगा.