पद्मश्री जाहीर झालेल्या गायिकेचा सत्कार आणि मैफल एकाच संध्याकाळी : नाट्यगृहाने काय काय पाहावं?

रंगपीठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातलं बंदिस्त, वातानुकूलित नाट्यगृह, खुर्च्या ७००. इथल्या एका संगीत संस्थेने रात्रीचं सत्र मागितलं आहे. यंदा पद्मश्री जाहीर झालेल्या एका ख्यालगायिकेचा नागरी सत्कार आणि त्याला जोडून त्यांचीच मैफल. तबला, पेटी, दोन तानपुरे, मागे एक शिष्या. पूर्वार्धात ख्याल, उत्तरार्धात नाट्यपदं आणि दोन भावगीतं. हॉलचा ताबा साडेपाच ते साडेदहा, कार्यक्रम साडेसहाला.

संस्थेने पाठवलेल्या फलकाच्या नमुन्यात नावाआधी मोठ्या अक्षरांत ‘पद्मश्री’ छापलं आहे. हा फलक आमच्या दर्शनी भागावर आणि तिकिटावरही जाणार. ते चालतं का? तिकिटं ३००, ५०० आणि ६०० रुपयांची ठेवायची म्हणतात, जीएसटीचं काय? भावगीतांसाठी परवाना कोणी घ्यायचा, संस्थेने की आम्ही? सत्काराला रंगमंचावर अकरा खुर्च्या, समई आणि पोडियम हवं आहे. त्यानंतर बैठक मांडायला किती वेळ धरू? शिवाय अंगणात पडदा लावून बाहेरच्यांना कार्यक्रम दाखवायचा आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही करायचं, अशी मागणी आहे.

दर्शनी_पडदा

फलक आधी थांबवा. पद्म पुरस्कार ही उपाधी नाही. राज्यघटनेच्या कलम १८(१) ने लष्करी आणि शैक्षणिक सोडून बाकी उपाध्या बंद केल्या. पद्म पुरस्कार अशा उपाध्यांत मोडत नाहीत, म्हणून ते देणं त्या कलमाविरुद्ध जात नाही, पण ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केलं. गृह मंत्रालयाच्या नियमात लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पोस्टर, पुस्तकं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि गैरवापर झाला तर पुरस्कारच गमवावा लागू शकतो. म्हणजे चूक फलक छापणाऱ्याची आणि जोखीम बाईंची. आपल्या दर्शनी भागावर लागणाऱ्या मजकुराची जबाबदारी आपण घ्यायलाच हवी.

छापायचं असं : वर नाव. ‘विदुषी’ लावायला हरकत नाही, तो संगीतातला रूढ आदर आहे, सरकारी किताब नाही. खाली लहान अक्षरांत वेगळं वाक्य, ‘भारत सरकारचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाल्याबद्दल नागरी सत्कार व मैफल’. ‘जाहीर झाल्याबद्दल’ हे शब्द ठेवा. यादी २५ जानेवारीच्या संध्याकाळी येते, राष्ट्रपती भवनातलं वितरण साधारण मार्च-एप्रिलमध्ये होतं. त्याआधीच्या फलकावर ‘सन्मानित’ म्हणणं चूक आहे.

निवेदकालाही हेच लेखी द्या. फलक सुधारतो आणि निवेदक माईकवरून सहा वेळा ‘पद्मश्री अमुक अमुक’ म्हणतो, हे फार ठिकाणी होतं. मानपत्राचा मसुदाही आदल्या दिवशी मागून घ्या. मानपत्र फ्रेम होऊन भिंतीवर लागतं, तिथली चूक वर्षानुवर्षं राहते.

इतर पुरस्कारांनाही हीच काळजी लागते. संगीत नाटक अकादमीचा वार्षिक पुरस्कार वेगळा, रत्न सदस्यत्व वेगळं आणि चाळिशीच्या आतल्या कलाकारांसाठीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार वेगळा. सरसकट ‘अकादमी पुरस्कारविजेते’ लिहिलं की जाणकार रसिक तिकीट खिडकीवरच विचारतो. ग्रॅमीच्या बाबतीत तर नामांकन, विजय आणि विजेत्या अल्बममधली साथ अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ मध्ये ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या अल्बमला बेस्ट ग्लोबल म्युझिक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ते दुपारच्या प्रीमियर समारंभात दिलं गेलं, टीव्हीवरच्या रात्रीच्या सोहळ्यात नाही. आपल्याकडे तेव्हा पहाटेची वेळ. अशी बातमी आली की सकाळी खिडकी उघडताच फोन सुरू होतात, आणि संस्था घाईघाईने नवा फलक पाठवते. तो लावण्याआधी पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत यादीत नाव आणि वर्ग पाहूनच घ्यावा.

हिशेबनीस

जीएसटीचं सांगतो. २८ जून २०१७ च्या १२/२०१७ क्रमांकाच्या अधिसूचनेतल्या दोन नोंदी तुमच्या कामाच्या.

नोंद ८१ : पुरस्कार सोहळा, मैफल, संगीत कार्यक्रम यांचा प्रवेश माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर करमुक्त. म्हणजे ३०० आणि ५०० ची तिकिटं सुटतात. ६०० वर मात्र १८ टक्के लागतात, आणि ते पूर्ण ६०० वर, वरच्या शंभरावर नाही. ६०० + १०८ = ७०८ रुपये. हे गणित संस्थेला दाखवा. पुढच्या चार रांगांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा ५०० वर थांबणं बहुतेकांना परवडतं. तिकिटाला ‘देणगी प्रवेशिका’ म्हटल्याने काही बदलत नाही. पैसे दिल्याशिवाय आत सोडत नसाल तर ते तिकीटच. ऑनलाइन विक्री करणाऱ्याचं सेवाशुल्क वेगळं आणि त्यावर कर लागतो.

नोंद ७८ : शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचं कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत करमुक्त. त्यापुढे गेलं की सवलत अख्खीच जाते. सत्काराची थैली आणि मैफलीचं मानधन यांचे दोन चेक आणि दोन स्वतंत्र पत्रं करायला सांगा. एकाच रकमेत दिलं की ती सगळी रक्कम मानधन दिसते.

तुमच्या भाड्यावर या सवलतींचा काही परिणाम नाही, त्यावर तुमचा नेहमीचा जीएसटी लागेल. तिकिटं करमुक्त असली तर भाड्यावरच्या कराचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) संस्थेला मिळणार नाही. अंदाजपत्रकात तो खर्च म्हणूनच धरायला हवा. हे शेवटच्या आठवड्यात कळलं की वाद होतात, म्हणून बुकिंगच्या पत्रातच लिहा.

कोमल_गंधार

परवान्याबद्दल. पारंपरिक बंदिशींना काही लागत नाही. नाट्यपदांत मात्र पदागणिक बघावं लागतं. कवी आणि संगीतकार दोघांच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. ‘स्वयंवर’मधली पदं असतील तर खाडिलकर १९४८ साली गेले, भास्करबुवा बखले १९२२ साली, दोन्ही हक्क संपलेले. भावगीतांचे हक्क मात्र बहुधा अजून चालू असतात. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे, आणि चाल बाबूजींची (सुधीर फडके) असेल तर त्याच्याही पुढे. अशा गाण्यांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना आयोजकाने घ्यायचा.

पण रंगपीठ, ‘आयोजकाने घ्यायचा’ म्हणून तुम्ही मोकळे होत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ मध्ये नफ्यासाठी जागा वापरू देणाऱ्यावरही उल्लंघनाची जबाबदारी येते. माहीत नव्हतं आणि शंका यायला वाजवी कारणही नव्हतं, एवढाच बचाव. गाण्यांची यादी हातात असताना तो बचाव टिकणार नाही. परवान्याची प्रत सात दिवस आधी मागा, नाहीतर भावगीतं वगळायला सांगा. मध्यंतरात रेकॉर्ड लावू नका, त्याचा परवाना आणखी वेगळा. आणि ख्यालानंतर कानात जे राहिलेलं असतं त्यावर दुसरं संगीत ओतणं मला तरी अपराध वाटतो.

थेट प्रक्षेपणाला गायिका, तबलजी, पेटीवाले, तानपुऱ्यावर बसणारे आणि मागे गाणारी शिष्या, सगळ्यांचीच लेखी संमती हवी. ध्वनिचित्रमुद्रणाचा हक्क प्रत्येक सादरकर्त्याचा स्वतःचा असतो. फक्त मुख्य कलाकाराची सही घेतात आणि साथीदार राहून जातात.

अंगणातला पडदा : बंदिस्त सभागृहाला रात्री दहाच्या ध्वनिक्षेपक बंदीतून सूट आहे, अंगणाला नाही. तिथल्या कर्ण्याला पोलिसांची वेगळी परवानगी लागेल, आणि दहाला तो बंद करावाच लागेल. भैरवीला बाहेरच्यांचा आवाज तोडण्यापेक्षा पडदा न लावणं बरं.

सत्कार मध्यंतरात घ्या असं मी सुचवेन. गायिका ताज्या गळ्याने ख्याल गातात, आणि पाहुण्यांनाही निदान पूर्वार्ध ऐकावा लागतो.

मिक्सरमागे

वरच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, ताई. मध्यंतरात सत्कार घ्यायचा म्हणजे लागलेली बैठक हलवायची किंवा अकरा खुर्च्या तिच्यासमोर कोंबायच्या. माईकचे स्टँड ढकलले जातात, वायरींवर पाय पडतात, जुळवलेले तानपुरे कोणीतरी उचलून विंगेत आडवे ठेवतं. वर भाषणं लांबली की उत्तरार्ध कापला जातो. सत्कार आधीच हवा, पण मधल्या पडद्याच्या पुढे.

मांडणी सांगतो. मधल्या पडद्यामागे ८ × ४ फुटांच्या सहा लेव्हल (सुटे चौथरे) जोडून १६ × १२ फुटांची बैठक करा, उंची एक फूट पुरे. चार लेव्हलमध्ये तबला आणि पेटी गायिकेच्या मांडीला लागतात, तानपुऱ्यांना जागाच उरत नाही. लेव्हल पोकळ असतात, डग्ग्याचा घुमारा त्यांतून माईकमध्ये शिरतो. म्हणून आधी जाड सतरंजी, मग गादी, मग चादर. पाय डुगडुगत असतील तर आत्ताच पाचर मारा.

मिक्सरवरचे चॅनेल असे : गायिका १, शिष्या १, तबला २, पेटी १, तानपुरे २, एकूण ७, आणि एक तयार सुटा माईक. पोडियम आणि निवेदकाचे दोन चॅनेल वेगळे. सत्कार संपला की ते म्यूट करून पोडियम विंगेत. तानपुऱ्यांना कंडेन्सर माईक वापरणार असाल तर त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्ट देताना चॅनेल म्यूट हवा, नाहीतर सभागृहभर धाडकन आवाज जातो. बोलण्याच्या आणि गाण्याच्या माईकवर ८०–१०० हर्ट्झखालचं कापा, डग्ग्याच्या माईकवर मुळीच नाही. गायिकेच्या मॉनिटरमध्ये (त्यांना ऐकू यावं म्हणून समोर ठेवलेल्या स्पीकरमध्ये) तानपुरा आणि पेटी आधी, स्वतःचा आवाज त्यांनी मागितला तेवढाच. शिट्टी बहुतेक वेळा मॉनिटरमध्ये आवाज वाढवत नेल्यानेच येते.

मिक्सर यूपीएसवर ठेवा. वीज गेल्यावर जनरेटर काही सेकंदांत येतो, पण डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला बराच जास्त वेळ घेतो आणि तेवढा वेळ सभागृह मुकं. ध्वनीची वीज डिमरच्या फेजवरून घेऊ नका, दिवे मंद केले की गुणगुण येते आणि ती तानपुऱ्याच्या षड्जाला भिडते.

वातानुकूलन साडेचारलाच सुरू करा, २४–२५ अंशांवर, आणि मग बदलू नका. वाद्यं त्याच हवेत आणि त्याच दिव्यांखाली तासभर आधी ठेवायची. कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणून सूर चढतो, दमट हवेत उतरतो. तानपुऱ्याच्या तारा गारव्यात चढतात, उष्णतेने उतरतात. प्रेक्षक आल्यावर कोणीतरी ‘उकडतंय’ म्हणून तापमान १८ वर नेतं आणि दर दहा मिनिटांनी तबला जुळवायची हातोडी वाजू लागते. रंगमंचावरच्या थेट झोताची झडप बंद करा.

या सगळ्याला साडेपाचचा ताबा पुरणार नाही. लेव्हल आणि गाद्यांना पाऊण तास, माईक आणि वायरींना तेवढाच, ध्वनिचाचणीला एक तास, वर अर्धा तास हाताशी. तीन वाजता रंगमंच द्या. दुपारच्या सत्रात नाटक असेल तर हे बुकिंग या रूपात घेऊच नका.

रंगपीठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारचं सत्र मोकळं आहे, तीन वाजता रंगमंच देतो. फलक परत पाठवला. दोन शंका राहिल्या. सत्कार आधी घेतला तर पडदा उघडेपर्यंत किती वेळ धरायचा? आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या पहिल्या दोन रांगा सत्कारानंतर रिकाम्या होतात, त्याचं काय करायचं?

दर्शनी_पडदा

सत्काराला ४० मिनिटांवर जाऊ देऊ नका. दीपप्रज्वलन ५, परिचय ५, शाल-श्रीफळ आणि मानपत्र वाचन १०, दोन भाषणं मिळून १५, उत्तर ५. समई पुढे डाव्या कोपऱ्यात, तेलाची. उदबत्ती आणि धूर नको, गळ्याला त्रास होतो. शाल, हार, श्रीफळ बाईंच्या हातून लगेच घ्यायला एक माणूस विंगेत उभा हवा.

मग २० मिनिटांची विश्रांती जाहीर करा. खुर्च्या आणि पोडियम आठ माणसं पाच मिनिटांत हलवतात. पण वेळ त्यासाठी नसतो. भाषणाला उत्तर देऊन आलेल्या माणसाला पाणी पिऊन, चार आलाप घेऊन, गळा पुन्हा सुरात आणायला निदान १५ मिनिटं लागतात. त्या वेळात रंगपटाच्या दाराशी एक माणूस उभा करा. अभिनंदन करायला, फोटो काढायला येणाऱ्यांना तिथेच नम्रपणे ‘मैफलीनंतर भेटा’ म्हणून सांगायचं. छायाचित्रकारांना पडदा उघडल्यावर पहिली दहा मिनिटं, फ्लॅशशिवाय, बाजूच्या मार्गिकेतून.

रांगांचं असं करा : मानाच्या पाहुण्यांना मधल्या भागात बसवू नका, डावीकडच्या टोकाच्या खुर्च्या द्या. उठून गेले तरी मध्ये भगदाड पडत नाही. त्यांच्या पासवर ‘७.२० नंतर राखीव जागा खुली’ असं छापा. विश्रांतीत द्वारपालाने मागच्या रांगांतल्या तरुण विद्यार्थ्यांना पुढे आणून बसवायचं. मोकळ्या मार्गिकेत प्लास्टिकच्या खुर्च्या कोणी कितीही म्हटलं तरी टाकू नका, आग लागली तर बाहेर पडायला तोच रस्ता आहे.