प्रतिसाद: सगळी मशीन सतत चालू ठेवण्याविषयी

मशीन रिकामे राहिले की तेवढा पैसा वाया गेला, म्हणून कारखान्यातली सगळी मशीन सतत चालू ठेवावीत, असे मत मांडले जाते. ते फक्त सर्वांत संथ टप्प्यापुरते खरे आहे. प्रत्येक नग कटिंग, ड्रिलिंग आणि पेंटिंग अशा क्रमाने जात असेल आणि कटिंगला तासाला ६०, ड्रिलिंगला ४० आणि पेंटिंगला ५० नग होत असतील, तर कटिंग कितीही पळवले तरी तासाला ४० हून अधिक नग बाहेर पडणार नाहीत. उलट आठ तासांच्या पाळीअखेर ड्रिलिंगपुढे १६० अर्धवट नगांचा ढीग साचेल. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार सरासरी प्रलंबित काम म्हणजे उत्पादनाचा वेग गुणिले प्रत्येक नगाला लागणारा सरासरी काळ. ढीग १६० नगांवर टिकून राहिला, तर प्रत्येक नग तिथे चार तास (१६० भागिले ४०) नुसता पडून राहतो आणि कटिंगमधली मापाची चूक ड्रिलिंगच्या फिक्स्चरवर (नग पक्का धरून ठेवणाऱ्या साधनावर) उघडकीस येईपर्यंत तेवढेच नग बाद झालेले असू शकतात. (हिशेबात मात्र हा ढीग ‘मालमत्ता’ म्हणून मिरवतो!)

म्हणून कटिंग ड्रिलिंगच्या वेगाने, थोडासाच राखीव साठा ठेवून चालवावे आणि सुधारणेचा खर्च ड्रिलिंगवर करावा. तिथे जेवणाच्या सुट्टीत बदली कामगार द्यावा, तसेच जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी मांडलेल्या पद्धतीप्रमाणे पुढच्या जॉबची हत्यारे आणि फिक्स्चर मशीन चालू असतानाच तयार ठेवून सेटिंगचा, म्हणजे एका जॉबवरून दुसऱ्या जॉबसाठी मशीन बदलण्याचा, वेळ कमी करावा. ड्रिलिंग तासाला ५० च्या पुढे गेले, की अडचण पेंटिंगकडे सरकेल आणि हाच हिशेब तिथे नव्याने मांडावा लागेल.