विषय: मोल्डे १३ फेब्रुवारी, निळ्या पासपोर्टवाल्यांनी आजच कळवा

बंड्या (टाला, डब्लिन), शनिवार ४ जानेवारी २०२५

मंडळी, गेल्या वेळच्या मेलला अकरा जणांचं "येतोय" आलं पण त्यातले आठ मरून रंगाच्या आयरिश पासपोर्टवाले आहेत, उरलेले तिघं निळे, म्हणजे भारतीय पासपोर्टवाले, त्यानंतर गप्प. आज ४ तारीख झाली, आपल्या शॅमरॉक रोव्हर्सची (आपला डब्लिनचा फुटबॉल क्लब) नॉर्वेत मोल्डेबरोबर मॅच गुरुवारी १३ फेब्रुवारीला, म्हणजे हातात जेमतेम साडेपाच आठवडे. ऑस्लोमार्गे मोल्डे असं फ्लाइट बघून ठेवलंय, बुधवारी जाऊन शनिवारी परत, भाडं रोज वाढतंय त्यामुळे उद्या रात्री मी सगळ्यांचं एकत्र बुक करतोय. ज्यांना यायचंय त्यांनी पासपोर्टवर आहे तस्संच नाव पाठवा. स्टेडियमच्या तिकिटाचं नेहमीप्रमाणे मी बघतो, सीझन तिकीटवाल्यांचा नंबर आधी लागेल.

स्मितू, शनिवार ४ जानेवारी

बंड्या, आम्ही गप्प नाही आहोत, आम्ही अपॉइंटमेंट शोधतोय. शेंगेन व्हिसाची (नॉर्वेसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रोसेसिंग अर्ज घेतल्यापासून पंधरा दिवस, आणि कागद कमी पडला तर ४५ पर्यंत जाऊ शकते. व्हिसा हातात नसताना मी नॉन-रिफंडेबल फ्लाइट कशी बुक करू? व्हिएन्नाच्या वेळी हेच झालं, तुम्ही एकत्र बुक केलंत, माझा व्हिसा मॅचच्या दुसऱ्या दिवशी आला आणि पैसे गेले. लार्न क्लबबरोबरची मॅच तर बेलफास्टला, म्हणजे यूकेत, विंडसर पार्कवर, डब्लिनहून बसनं दोन-अडीच तास, आपण ४-१ जिंकलो आणि मी घरी टीव्हीसमोर. चेल्सीला ११५ पौंड भरून यूकेचा व्हिसा काढला तेव्हा कुठे स्टॅमफर्ड ब्रिज बघितलं. ५-१ हरलो, पण आपल्या पूमचा गोल झाला तेव्हा मी तिथे होते, त्या एका गोलसाठी परत भरीन ११५ पौंड. एवढंच म्हणणं आहे की ठरवताना आम्हाला आधी विचारा.

छोटू, रविवार ५ जानेवारी

बेलफास्टला मी बसनं गेलो असतो बुवा. बॉर्डरवर कोण बघतं?

ओंक्या, रविवार ५ जानेवारी

छोटू असं लिस्टवर लिहू नकोस प्लीज, नवीन आलेली मुलं वाचतात. तुझा पासपोर्ट आयरिश आहे, तुला कॉमन ट्रॅव्हल एरिया (आयर्लंड-यूकेमध्ये व्हिसाशिवाय ये-जा) लागू. आयआरपी कार्डवर (आयर्लंडमध्ये राहण्याचा परवाना) राहणाऱ्या आपल्या माणसाला नॉर्दर्न आयर्लंडला पाय ठेवायचा तर यूकेचा व्हिसा लागतोच, रस्त्यात चौकी नसली तरी. आणि येताना गार्डा (आयरिश पोलीस) बसमध्ये चढून कागद बघतात, माझ्यासमोर बघितलेत. सापडलास तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते निघतं. मी चार वर्षं पूर्ण करत आणलीत, एका मॅचसाठी ते पणाला नाही लावणार, कितीही आवडत असलं तरी.

छोटू, रविवार ५ जानेवारी

बरोबर आहे, चुकलं. माझ्या डोक्यातच आलं नाही. सॉरी ओंक्या.

बंड्या, रविवार ५ जानेवारी

स्मितू, व्हिएन्नाचं मला खरंच वाईट वाटलं होतं पण एकत्र बुक केलं नाही तर मोल्डेचं जोडफ्लाइट सगळ्यांना एकाच वेळचं मिळणार नाही. छोटं गाव आहे, रेल्वे तिथपर्यंत जातच नाही, आंदाल्सनेसला संपते, तिथून पुढे बस. फेब्रुवारीत त्या रस्त्यावर मागे राहिलेल्यांना कोण सांभाळणार? बरं, माझ्या ऑफिसातला एक म्हणतोय डेन्मार्कच्या अपॉइंटमेंटा मोकळ्या आहेत, तिथून अर्ज करा आणि नॉर्वेला जा, शेंगेन म्हणजे शेंगेन.

अण्णा, रविवार ५ जानेवारी

बंड्या, असलं काही कुणाला सांगू नकोस. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथून आधी शिरणार त्या देशाकडे. कोपनहेगनला दोन रात्री आणि मोल्डेला एक असं खरंच करणार असाल तर डेन्मार्क चालेल. पण गुरुवारी रात्री मॅच, शुक्रवारी निघून कोपनहेगनला दोन रात्री म्हणजे रविवारी परत, आणि रविवारी १६ ला बोहेमियन्सबरोबर डब्लिनच्या अविवा स्टेडियमला मॅच आहे ती सोडणार का? कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक केलं की पुढच्या व्हिसाला नडतं. मी इथे २००७ पासून आहे, सहा वर्षं निळ्या पासपोर्टवर काढली, मला माहीत आहे. २०११ साली ऑगस्टमध्ये रोव्हर्सनी बेलग्रेडला पार्टिझानला २-१ हरवलं, एक्स्ट्रा टाइममध्ये, आयर्लंडचा कुठलाही क्लब त्याआधी युरोपात ग्रुपमध्ये पोचला नव्हता, आणि तो सॅलिव्हनचा व्हॉली मी घरी लॅपटॉपवर अडकत अडकत बघितला कारण कागद वेळेत झाले नाहीत. महिन्याभरानं टॉटनहॅमला मात्र गेलो. कंपनीच्या कामासाठी यूकेचा व्हिसा होता. आपल्या राइसनी गोल केला आणि व्हाइट हार्ट लेनवर दहा-एक मिनिटं आपण पुढे होतो. मग पाच मिनिटांत तीन खाल्ले. ती दहा मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात, शेजारचा म्हातारा माझा हात धरून रडत होता.

माई (सांस्कृतिक), सोमवार ६ जानेवारी

अण्णा, सगळं छान आहे पण शनिवारी १५ फेब्रुवारीला आपली शिवजयंती आहे हे कुणाच्या लक्षात आहे का? हॉल ऑक्टोबरमध्ये ठरवलाय. ढोलाचे सहापैकी चार जण या यादीत दिसतायत मला. बुधवार ते शनिवार म्हणजे तालीमही बुडणार आणि कार्यक्रमही.

बंड्या, सोमवार ६ जानेवारी

माई, शनिवारी दुपारी एकला डब्लिनला उतरतो, कार्यक्रम पाचला. एअरपोर्टवरून थेट हॉलवर येतो.

माई, सोमवार ६ जानेवारी

ऑस्लोला बर्फ पडला तर? मी चार नाही, निदान दोन ढोलवाले शुक्रवारी रात्री इथे पाहिजेत असं म्हणते. मागच्या वर्षी टाळ्यांवर भागवावं लागलं होतं, पोरं हिरमुसली. २० तारखेची मोल्डेबरोबरचीच दुसरी मॅच टालाला आहेच की, घरच्या अंगणात, तिला सगळे जा, मी स्वतः येते.

अण्णा, सोमवार ६ जानेवारी

माई, मी शुक्रवारच्या पहिल्या फ्लाइटनं परत येतो. ताशा माझा. एक ढोलवाला बरोबर आणतो.

स्मितू, मंगळवार ७ जानेवारी

मूळ मुद्दा राहिला. माझं म्हणणं असं की मरूनवाल्यांनी बुक करून टाका, आमच्यासाठी थांबू नका, फक्त खोल्या फ्री कॅन्सलेशनवाल्या घ्या आणि त्यात आमची नावं घाला म्हणजे राहण्याचा पुरावा होईल. फ्लाइटचं आम्ही रिझर्वेशन जोडतो, तिकीट व्हिसा आल्यावर. वेगळ्या वेळेला आलो तर ऑस्लोहून आम्ही तिघं बरोबर येऊ, कुणी आम्हाला सांभाळायला नको. आणि कुणीतरी लिहिलं होतं की दोनदा व्हिसा वापरला की आता दोन वर्षांचा देतात. तो एप्रिल २०२४ चा नियम भारतात राहून भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी आहे, आपल्याला हक्कानं मागता येत नाही. तरी मल्टिपल एंट्री मागा, दिला तर उन्हाळ्यात क्वालिफायरला उपयोग होईल. तेव्हा ड्रॉ झाल्यापासून हातात दोन-तीन आठवडे मिळतात, तेवढ्यात नवा व्हिसा होणं अशक्य.

बंड्या, मंगळवार ७ जानेवारी

हे पटलं. खोल्या मी आजच घेतो, अकराही नावं टाकून. आधीच असं करायला हवं होतं स्मितू. तुम्हा तिघांची स्टेडियमची तिकिटं माझ्या नावावरच्या यादीत धरतो, नाही जमलं तर वेटिंगवाल्यांना देऊ, पैसे मी घालतो.

छोटू, मंगळवार ७ जानेवारी

पैसे सगळ्यांनी वाटून घालूया ना, एकट्यानं कशाला. आणि तिथे खायला काय? नॉर्वेत बाहेर खाणं परवडत नाही म्हणतात. माझी आई आलीये, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून देते म्हणाली, अकरा माणसांना दोन दिवस पुरतील एवढ्या.

माई, मंगळवार ७ जानेवारी

छोटू, आईंना सांग दशम्या दुधातल्या करा, थंडीत पाण्यातल्या कडक होतात.

ओंक्या, बुधवार ८ जानेवारी

अपॉइंटमेंट मिळाली! मंगळवार १४ तारीख, सकाळी साडेनऊ. कुणीतरी कॅन्सल केली असावी, पहाटे पाचला दिसली, स्मितूला फोन करून उठवलं, तिलाही त्याच दिवशीची मिळाली. तिसऱ्याची अजून नाही, त्यानं रोज पहाटे बघत राहा. एक अडचण आहे, माझं आयआरपी ३० एप्रिलला संपतंय.

अण्णा, बुधवार ८ जानेवारी

शेंगेनमधून बाहेर पडल्यावर पुढे तीन महिने आयआरपी चालू असावं लागतं, म्हणजे १५ मे. तुला पंधरा दिवस कमी पडतायत. रिन्यूअलचा अर्ज आजच कर, त्याची पावती आणि कंपनीचं पत्र दोन्ही जोड, पत्रात परत कामावर हजर होण्याची तारीख असू दे. इन्शुरन्सवर ३०,००० युरो हा आकडा स्पष्ट दिसला पाहिजे, फी ९० युरो. संध्याकाळी घरी ये, कागद एकदा लावून बघू. स्मितूलाही घेऊन ये.

ओंक्या, बुधवार ८ जानेवारी

सातला येतो अण्णा. प्रिंटर चालू आहे ना तुमचा?

अण्णा, बुधवार ८ जानेवारी

चालू आहे. फोटो ३५ बाय ४५ चे आण, जुने नकोत.