मदत हवी आहे: टीयूआरपी झालेल्या प्रोस्टेटवर क्रायोसर्जरी

सांगलीहून विचारतोय. वडील, वय 71, प्रोस्टेटचा कॅन्सर. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) 8.4, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक याचा गुण) 3+4, गाठ फक्त उजव्या बाजूला. एमआरआयमध्ये कवचाबाहेर काही नाही, पीएसएमए पेट स्कॅनमध्ये कॅन्सर बाहेर पसरलेला दिसत नाही. ग्रंथी 34 सीसी, म्हणजे आकाराची अडचण नाही. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यामुळे मोठ्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ नाखूश आहेत, म्हणून क्रायोसर्जरीचा (गोठवून कॅन्सर मारण्याचा) विचार चाललाय. मिरजेत 20 फेऱ्यांचं रेडिएशन सुचवलंय, तो पर्याय खुला ठेवलाय.

खरी अडचण वेगळीच आहे. 4 वर्षांपूर्वी टीयूआरपी (मूत्रमार्गातून प्रोस्टेटचा आतला भाग खरवडून काढायचं ऑपरेशन) झालीय. क्रायोत आर्गॉन वायूने ग्रंथी उणे 40 अंशांपर्यंत गोठवतात, मग वितळवतात, असं दोनदा. तेवढा वेळ मूत्रमार्ग वाचवायला गरम पाण्याचा कॅथेटर असतो. पण टीयूआरपीनंतर आत खड्डा राहतो आणि कॅथेटर भिंतीला सगळीकडे टेकत नाही. मग तिथलं अस्तर मरून सुटतं, लघवी अडते, कधी गळती कायमची राहते. भीती याचीच आहे. लैंगिक क्षमता जाऊ शकते, हे वडिलांना सांगून झालंय. त्यांना ते मान्य आहे.

पुणे-मुंबईला जायची तयारी आहे. दोन युरॉलॉजिस्टना विचारलं, एक हो म्हणाले, एक नको. सिस्टोस्कोपी (मूत्रमार्गाची दुर्बिणीने आतून तपासणी) अजून केलेली नाही.

टीयूआरपीनंतर क्रायो करून घेतलेलं कुणी आहे का, किंवा असे रुग्ण हाताळणारे डॉक्टर? खड्डा किती मोठा असला तर नकार देतात, आणि फक्त उजवी बाजू गोठवली तर अस्तर सुटण्याचा धोका खरंच कमी होतो का?